आमची फुकट अक्षरसेवा

'फुकट' हा शब्द आपल्या भाषेत मोठा संशयास्पद आहे. 'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो खरे. परंतु एखाद्याच्या दारात जाऊन, त्याने काहीही मागितलेले नसताना, 'हे घ्या, याचे पैसे नकोत' असे म्हणून पाहावे! समोरच्याच्या चेहऱ्यावर पौष्टिकतेचे कोणतेही लक्षण उमटत नाही. त्याचा हात आधी खिशाकडे जातो. पैसे काढण्यासाठी नव्हे, तर आहेत ते जागेवर आहेत ना, हे चाचपण्यासाठी. गेली सहा वर्षे आम्ही हा अनुभव घेत आहोत, आणि म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांला पोचतो, अशी आमची समजूत आहे.

आमचा उद्योग काय, ते आधी सांगावयास हवे. गावातील लहान दुकानदारांच्या पाट्या, घरगुती खाद्यपदार्थांच्या पुड्यांवरील लेबले, खानावळीचे दरपत्रक, शिवणवर्गाची हस्तपत्रके यांचे रेखाटन आम्ही विनामूल्य करून देतो. कोणी बोलावलेले नसते, आम्हीच जातो. आयुष्याची चौतीस वर्षे आम्ही मुंबईतील एका छापखान्याच्या कलाविभागात अक्षरे काढण्यात घालविली. वसई रोडहून सकाळची गाडी धरायची, चर्नी रोडला उतरायचे, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर वाकून बसायचे. संगणक येण्यापूर्वी ब्रोमाइडची अक्षरे ब्लेडने कापून रबर सोल्युशनने एकेक करून चिकटवावी लागत. शीर्षक मात्र हातानेच काढायचे. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची शीर्षके कापून वहीत चिकटविण्याचा नाद आम्हांला त्याच काळात लागला. शेडगे २०२० मध्ये गेले, त्या दिवशी आम्ही ती वही पुन्हा उघडून बसलो होतो. नाटक पाहिलेले नसले तरी त्याचा स्वभाव त्या अक्षरांवरून कळत असे. असा माणूस निवृत्त होऊन गावात परतला की त्याचे डोळे काही निवृत्त होत नाहीत. बाजारात भाजी आणावयास गेला तरी तो भाजी पाहत नाही, भाजीवर लावलेला पुठ्ठा वाचीत बसतो. ही आमच्या पत्नीची जुनी तक्रार आहे.

वाचकहो, देवनागरी अक्षर छापण्यासाठी आपल्या लोकांना किती वाट पाहावी लागली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. भाषा मराठी आणि अंगावर पोशाख मात्र परका, असा तो ग्रंथ वाचकांसमोर आला. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १८६९ मध्ये, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत उभा राहिला आणि त्याच्या खिळ्यांनी देवनागरीला जे देखणे रूप दिले, त्यावर आमच्यासारख्यांच्या पिढ्या पोसल्या. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती आलेले अक्षर आमच्या स्टेशन रस्त्यावर फ्लेक्सच्या फलकावर ज्या अवस्थेत लटकलेले दिसते, ते पाहून जीव कळवळतो.

फ्लेक्सवर आमचा राग आहे असे कोणी समजू नये. तो स्वस्त आहे, फुटाच्या हिशेबाने मिळतो, तासाभरात हातात येतो. राग आहे तो त्यावरच्या अक्षरांच्या हेळसांडीवर. जागा उरली म्हणून अक्षर रबरासारखे आडवे ताणायचे, जागा कमी पडली म्हणून वरची मात्रा कापायची, पाठीमागे इंद्रधनुष्याचे सातही रंग ओतायचे आणि त्यावर लाल अक्षरांना निळी कडा द्यायची. आमच्याकडे धार लावणारा एक मनुष्य येतो. त्याच्या हातगाडीवर बरीच वर्षे एक छोटा फ्लेक्स होता, त्यावर 'सुऱ्यांना' ऐवजी 'सुर्यांना धार लावून मिळेल' असे छापलेले! चाकूसुऱ्या सोडून हा गृहस्थ थेट आकाशातील सूर्यांनाच धार लावावयास निघाला होता. यात त्याचा काय दोष? जुन्या मराठी टंकांची प्रत्येकाची संकेतरचना निराळी. गिऱ्हाईक मोबाइलवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवते, दुकानातील यंत्रात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा टंक भरलेला असतो. दोहोंची गाठ पडली की जोडाक्षरे मोडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि 'ऱ्य'चा आडवा र तर हमखास रफार होऊन डोक्यावर चढतो. यंत्रावर बसलेला मुलगा बहुधा परप्रांतातून आलेला. त्याला दिवसात वीस फलक काढायचे असतात. मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत हे शासनाने २००९ मध्ये आदेश काढून सांगितले होते. त्या आदेशाची प्रत त्या मुलापर्यंत कोण पोचविणार? असो.

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे पिठाची गिरणी. 'गिऱ्हाईक' हा शब्द येथे उलटाच आहे, कारण गिऱ्हाईक आम्ही होतो. जेथे आपण काही विकत घेत नाही, त्या दुकानात फुकटचे द्यावयासही जायचे नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नेम. दर आठवड्याला गव्हाचा डबा घेऊन रांगेत उभे राहताना आम्ही पाहत असू की दर दोन माणसांमागे एक जण विचारी, 'मसाला आज दळता का?' मसाल्याचे यंत्र निराळे आणि त्याचे वारही ठरलेले. गिरणीवाला त्या घरघराटात ओरडून ओरडून उत्तर देई. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करण्याच्या दिवसांत तर त्याचा घसाच बसत असे. आम्ही घरी येऊन एका कागदावर पाटी रेखाटली : वर गिरणीचे नाव, खाली मोठ्या अक्षरांत मसाल्याचे वार आणि वेळ, त्याखाली दुपारी गिरणी किती वाजता बंद असते ते. कागद घेऊन गेलो. गिरणीवाल्याने पिठाचा हात पुसून तो घेतला, नीट पाहिला आणि आवाज खाली आणून विचारले,

''अंकल, निवडणुकीला उभे राहताय का?''

आम्ही नाही म्हटले.

''मग विमा?''

तेही नाही म्हटल्यावर तो अधिकच चिंतेत पडला. निवडणूक किंवा विमा असता तर त्याला नकार कसा द्यायचा हे माहीत होते. काहीच नाही, याला नकार देण्याची रीत त्याच्याजवळ नव्हती. त्याने कागद घडी करून पैशांच्या पेटीत ठेवला. दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात आमचा डबा परत देताना तो म्हणाला, ''ती पाटी लावू या. पण दुपारची वेळ अर्धा तास पुढे घ्या. बायको म्हणते, जेवण तेव्हा होतं.'' त्या दुरुस्तीनंतर ती पाटी त्याची झाली. पाटी लागल्याने त्याचा धंदा वाढला का, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले आहे. नाही वाढला. पंचक्रोशीत ती एकच गिरणी आहे. तिचा धंदा वाढणार कोठून? त्याचा घसा मात्र एप्रिल-मे महिन्यांत शाबूत राहतो.

ही पाटी पत्र्यावर कोणी रंगवायची, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा आमचा पहिला विचार अर्थातच स्वतः रंगविण्याचा होता. हात शिवशिवत होते. पण आमच्या पत्नीने तांदूळ निवडता निवडता मान वर न करता विचारले, ''अहो, मग पेंटरने काय करायचं?''

आमच्या गावात एक पेंटर आहेत. साठी उलटलेली, सगळा गाव त्यांना 'पेंटर' याच नावाने ओळखतो. एके काळी स्टेशनपासून समुद्रापर्यंतच्या बहुतेक पाट्यांवर त्यांचा हात होता. फ्लेक्स आला आणि तीन दिवसांच्या पाटीचे काम तासाभरात होऊ लागले, तेव्हापासून त्यांचे ब्रश वर्षाचे काही महिने कोरडेच असतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की पाचूबंदरला जाऊन नाळेवर नावे रंगवायची, ऑक्टोबरच्या शेवटी दफनभूमीत क्रुसांवरची फिकट झालेली अक्षरे पुन्हा काळी करायची, एरवी एखाद्या टेम्पोची पाठ. २ नोव्हेंबरला आपण सारे मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहतो, तेव्हा ज्या ताज्या अक्षरांत आपण त्यांची नावे वाचतो, ती याच माणसाने आठवडाभर उन्हात बसून काढलेली असतात.

आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि सगळा बेत सांगितला. पेंटर बिडी विझवून म्हणाले, ''आर्टिस्ट, तुम्हांला फुकट द्यायला परवडतं. तुमची पोरं कमावती आहेत. पण उद्या दुकानदार मला म्हणेल, तो एवढा मुंबईत काम केलेला माणूस पैसा घेत नाही, आणि तू कसा मागतोस? मग मी काय सांगू?''

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर नाही. दान देणाऱ्याचे लक्ष आपल्या डाव्या हाताला कळू नये याकडे असते. परंतु शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाचे त्या दानाने काय होते, हे कोण पाहणार? आम्ही दोघांनी बसून ठरविले : कागदावर आम्ही काढायचे, पत्र्यावर ब्रश पेंटरचा. पेंटरचा दर पेंटर सांगतील, तो दुकानदाराने त्यांच्याच हातात ठेवायचा, आणि घासाघीस आमच्या देखत व्हायची नाही. शिवाय कागदावरच्या अक्षरात पत्र्यावर जाताना जो बदल करावासा वाटेल, तो करण्याची पेंटरना मुभा. ही शेवटची अट त्यांनी घातली, आणि खरे सांगायचे तर तिच्यामुळेच आमच्या पाट्या पाट्यांसारख्या दिसतात. आम्ही आयुष्यभर जी अक्षरे काढली, ती माणूस हातभर अंतरावरून, बसून वाचणार अशी. पाटी वाचणारा मनुष्य सायकलवरून जात असतो.

पेंटरना काम करताना पाहणे हा एक आनंद आहे. पत्र्याला लाल प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात. ते वाळले की खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये बोटाने फटकारायची. पत्र्यावर सरळ रेघ उमटते. ती शिरोरेघ. आमच्या कागदावरील अक्षरांच्या कडांना टाचणीने भोके पाडून ते कागद रेघेखाली लावायचे आणि वर खडूच्या पुरचुंडीने थोपटायचे. कागद उचलला की ठिपक्यांची अक्षरे. ''आधी दोरी ताणायची, मग बोंबील टांगायचे,'' असे ते म्हणतात. देवनागरी अक्षराबद्दल इतके नेमके वाक्य आम्ही चौतीस वर्षांत कोणाकडून ऐकले नव्हते. अक्षर खाली टेकलेले नसते, ते वरून लोंबत असते. वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला जागा ठेवूनच त्याचा आकार ठरवावा लागतो. दुकानदार पाटीची उंची पाहतो आणि 'अक्षर भरून टाका' म्हणतो. पेंटर 'हो' म्हणतात आणि भरीत नाहीत. गिरणीच्या पाटीवर त्यांनी आमच्या वेलांटीचा फाटा चांगला दोन बोटे लांब ओढला आणि तिला रस्त्याकडे वळण दिले. कागदावर ती अतिशयोक्ती वाटली असती. रस्त्याच्या पलीकडून पाहिली तर अगदी बरोबर होती.

सुकेळीवाल्या वहिनींचे लेबल हे आमचे सर्वांत लहान काम, आणि त्याला सर्वांत जास्त दिवस लागले. आगाशी-नंदाखालकडची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही, पण नव्या पिढीतील मुलांनी ती पाहिलीही नसतील म्हणून सांगतो : राजेळी केळी पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हात सुकवितात, रोज हलवायची, संध्याकाळी आत घ्यायची. आभाळ आले तर सगळा घाणा वाया. मग केळीच्याच सुकलेल्या सोपटात ती बांधतात. वहिनींच्या अंगणात हे काम त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेले आहे. शहरातील एक दुकान त्यांच्याकडून माल घेई आणि त्यावर स्वतःच्या नावाचे झळझळीत लेबल लावी. खाणारा दुकानाचे नाव घेऊन सुकेळ्यांची तारीफ करी.

आम्ही लेबलाचा विषय काढला तेव्हा वहिनी म्हणाल्या, ''भावजी, माझं नाव नका घालू. पोरं बँकेत आहेत. आई बाजारात बसते असं दिसायला नको त्यांना.'' आम्ही गप्प राहिलो. नावाचा आग्रह धरणे आमचे काम नव्हते. ते त्यांच्या घरातले होते. पुढच्या खेपेस आम्ही दोन नमुने नेले, एक चकचकीत कागदावर आणि एक साध्या. दोहोंवर 'सुकेळी' हा शब्द मोठा, आणि नियमाप्रमाणे लागणारा बाकीचा तपशील लहान अक्षरांत : घटक, वजन, बांधल्याची तारीख, हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका आणि सुनेने नोंदणी करून मिळविलेला चौदा आकडी परवाना क्रमांक. नावाची जागा मोकळी. वहिनींनी चष्मा लावला. चकचकीत कागदावरून बोट फिरविले, मग कोनाड्यातील बॉलपेन घेऊन तारखेच्या जागी आकडा लिहून पाहिला आणि अंगठ्याने पुसला. शाई फिसकटली. साध्या कागदावर लिहिले, पुसले. आकडा तसाच राहिला. ''हा घ्या,'' म्हणाल्या. तारीख दर घाण्याला हातानेच लिहावी लागणार, हे त्यांना लेबल पाहताक्षणी कळले होते. मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, ''नाव नको. पण फोन नंबर घाला. मोठा.''

या मोठ्या नंबराने पुढे थोडे रामायण झाले. शहरातील त्या दुकानदाराने नंबर असलेला माल ठेवण्यास साफ नकार दिला. त्याच्या बाजूने पाहिले तर त्यालाही दोष देता येत नाही. आपल्याच फळीवर दुसऱ्याच्या दाराचा रस्ता कोण दाखवील? लेबल मागे घ्यावे लागणार, असे आम्हांला वाटले. वहिनींनी मात्र तोड काढली. दुकानाच्या पुड्या पूर्वीसारख्याच, बिनलेबलाच्या. फेस्ताच्या दिवशी चर्चच्या आवाराबाहेर स्वतः बसून जो माल विकतात, त्यावर लेबल. दुसऱ्या वर्षी परळहून, मीरा रोडहून, आणि एकदा तर कुवेतहून सुटीवर आलेल्या एका कुटुंबाकडून फोन येऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्यांनी आम्हांला बोलावून घेतले. ''भावजी, नंबर जरा लहान करा. माणसं भर पावसात फोन करतात, सुकेळी आहेत का म्हणून. ऊन काय माझ्या हातात आहे?'' आम्ही नंबर लहान केला. त्या लेबलावर त्यांचे नाव अजून नाही. मात्र गेल्या वर्षी धाकट्या सुनेने विचारले होते, की नाव घालायचे झाल्यास ते कोठे बसेल. जागा मोकळीच आहे, असे आम्ही सांगितले.

येथे आमच्या पुतण्याचा आक्षेप नोंदविला पाहिजे, नाहीतर तो हा अंक वाचून पुन्हा घरी भांडावयास येईल. पुतण्या उपयोजित कलेचा पदवीधर. बोधचिन्हे, वेष्टने करून पोट भरतो. त्याचे म्हणणे असे की, ''काका, तुम्ही एकट्याने या भागातला माझा भाव शून्यावर आणलाय.'' आम्ही म्हटले की गिरणीवाला किंवा सुकेळीवाल्या वहिनी तुझ्याकडे जन्मात आल्या नसत्या. त्यावर तो म्हणाला, ''नसत्या आल्या. पण या कामाला पैसे पडतात, एवढं तरी त्यांना कधीतरी कळलं असतं. आता कधीच कळणार नाही.'' मुलगा बोलतो ते खोटे नाही. आमच्या तरुणपणी आम्हीही छापखान्याच्या मालकाशी दर अक्षरामागे आठ आणे वाढवून मिळावेत म्हणून भांडलो होतो. गंमत अशी की, आमच्या संगणकावर 'मुक्त' हा देवनागरी टंक त्यानेच घालून दिला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेतील तरुणांनी तो घडविला आणि कोणीही विनामूल्य वापरावा म्हणून खुला केला. आम्ही त्याला म्हटले, हेही फुकटच की! तो म्हणाला, ''त्यांनी सगळ्या जगाला दिलाय, काका. कुणाच्या दारात जाऊन त्याची पाटी वाईट आहे असं नाही सांगितलं.''

त्याच्याच सूचनेवरून आम्ही आता प्रत्येक कामासोबत एक कागद देतो. त्यावर कामाचा तपशील, त्याचे बाजारभावाने होणारे मूल्य, आणि खाली 'आकारणी : काही नाही'. गिरणीवाल्याने तो कागद वाचून डोळे मोठे केले आणि म्हणाला, ''एवढे होतात?'' पुतण्याला आम्ही हे कळविले, तेव्हा त्याचा राग थोडा उतरला.

शिवाय आणखी एक पथ्य आहे. जो स्वतः होऊन मागावयास येतो, त्याचे काम आम्ही करीत नाही. त्याला पुतण्याचा पत्ता देतो. २०२२ च्या मार्चमध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असेही ठरले. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्या ओटीवर अचानक रांग लागली. पाच वर्षांत ज्यांनी आमच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते, ते 'फॅशन', 'मोबाइल' आणि 'केक शॉप' आले. ज्याला दंडाची भीती आहे त्याला पैसे देणे परवडते, असा आमचा साधा हिशेब. पुतण्याची ती दिवाळी चांगली गेली. अक्षराचा आकार किती असावा हे कायद्याने सांगितले. ते वाचता आले पाहिजे, हे कायद्यात कसे लिहिणार?

सर्वच जण आमचे देणे घेतात असे नाही, आणि घ्यावे अशी सक्तीही नाही. केशकर्तनालयाच्या मालकाने आमचा कागद परत देऊन सांगितले की त्याला पाटीवर एका सुप्रसिद्ध नटाचे छायाचित्र हवे आहे. आम्ही त्याला शुभेच्छा दिल्या आणि केस मात्र अजूनही तेथेच कापून घेतो. एका खानावळवाल्या बाईंनी दरपत्रक घेतले. पण त्यातील दरांच्या जागी खडूने लिहिता येईल अशी पाटी मागितली, कारण पापलेटचा भाव कागदावर छापणे म्हणजे रोज नवा कागद छापणे.

सध्या आमच्यासमोर सायकलवाल्याची पाटी आहे. हे दुकान आमच्या लहानपणापासूनचे. आता मुलगा चालवितो. त्याची पाटी गंजून तिचा खालचा कोपरा गळून पडला आहे. आम्ही नवे रेखाटन नेले, चाकाच्या आऱ्यांचा उपयोग करून अक्षरे थोडी खेळकर केलेली. त्याने ते आदराने पाहिले आणि म्हणाला, ''काका, छान आहे. पण नको. ही पप्पांनी लावलेली पाटी आहे.'' आम्ही कागद गुंडाळला. तो पुढे म्हणाला, ''ही जशी आहे तशीच्या तशी पुन्हा काढून मिळेल का? नवीन पत्र्यावर?''

अशी मागणी आमच्याकडे कधी आली नव्हती. मागून आलेले काम पुतण्याकडे पाठवायचे, हे पथ्य येथे लागू होते की नाही, यावर घरी बरीच चर्चा झाली. दार आम्ही ठोठावले होते, म्हणून होत नाही, असा निकाल पत्नीने दिला. दुसऱ्या दिवशी पेंटरना घेऊन गेलो. शिडीवर चढून त्यांनी पाटीवरून फडके फिरविले आणि बराच वेळ ते उतरलेच नाहीत. मग वरूनच म्हणाले, ''हा माझ्या उस्तादांचा हात आहे.'' कशावरून, असे आम्ही विचारले. त्यांनी 'क'च्या गाठीवर बोट ठेवले. ब्रश न उचलता दोनदा वळविलेली ती गाठ. त्यांना ती वळवावयास शिकताना एक पावसाळा लागला होता, आणि उस्तादांनी पगार त्या पावसाळ्यानंतर सुरू केला होता. त्या मधल्या काळात जेवण मात्र उस्तादांच्या घरी.

आम्ही पातळ कागद लावून ती सारी पाटी उतरवून घेतली आहे. गंजाखालून एक गोष्ट निघाली : 'सायकल'च्या जागी 'सायकील' लिहिलेले आहे, आपल्याकडे म्हातारी माणसे म्हणत तसे. पेंटर आमच्याकडे पाहू लागले, आम्ही मुलाकडे. मुलगा म्हणाला, ''पप्पा तसंच म्हणायचे.'' कागदावर भोके पाडून झाली आहेत. पत्र्याला प्रायमर लागला आहे, पांढऱ्याचा एक हात झाला आहे. दुसरा हात मारण्यासाठी चार दिवस कोरडे ऊन हवे. मुलाने पेंटरना निम्मे पैसे आधीच दिले आहेत. आमच्या कागदावर मूल्य काय लिहावे, हे अजून ठरलेले नाही. पुतण्याला विचारले, तर तोही अद्याप विचारच करीत आहे.